सीडी-डीव्हीडी ड्राइव्ह चालत नाही? चवथीच्या तोंडावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या फोंड्यात संगणक दुरुस्तीचं दुकान आहे माझं. वर्षभर डीव्हीडी ड्राइव्हचं नाव कोणी काढत नाही. चवथ (गणेशचतुर्थी) पंधरा दिवसांवर आली की मात्र रांग लागते. घराची साफसफाई निघते, कपाटावरच्या ट्रंकेतून लग्नाची, मुंजीची, देवळातल्या उत्सवाच्या नाटकाची डिस्क सापडते. मुंबईहून, गल्फहून माणसं घरी येणार असतात, त्यांना ती दाखवायची असते, आणि नेमका तेव्हाच संगणक डिस्क ओळखत नाही. मग फोन, व्हॉट्सॲप, अंधुक फोटो. तेच तेच प्रश्न दरवर्षी येतात म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. सुरुवातीला सोपे आहेत, पुढे किचकट होत जातात.

एक विनंती आधीच करतो. ड्राइव्ह बाजारात दुसरा मिळतो, तुमच्या आजीच्या आवाजाची डिस्क मिळत नाही. प्रयोग करायचेच असतील तर ते दुसऱ्या कुठल्याही डिस्कवर करा.

१. बिघडलंय काय, ड्राइव्ह की डिस्क? घरच्या घरी कसं ओळखू?

तीन डिस्क गोळा करा: कंपनीची एक सीडी (भजनांची जुनी ऑडिओ सीडी चालेल), कंपनीची एक डीव्हीडी, आणि घरी किंवा स्टुडिओत राइट केलेली एखादी बिनमहत्त्वाची डिस्क. तिन्ही चालल्या तर ड्राइव्ह ठणठणीत आहे, दुखणं तुमच्या डिस्कचं. तिन्ही अडल्या तर ड्राइव्ह, त्याची केबल किंवा लेन्स. कंपनीच्या दोन्ही चालल्या आणि फक्त राइट केलेली अडली, तर बहुतेक वेळा लेसर थकलेला असतो किंवा लेन्सवर धूळ असते. कारण कंपनीच्या डिस्कमध्ये खड्डे साच्यानेच ठोकलेले असतात आणि त्यांवरचा धातूचा थर चकचकीत असतो. राइट केलेल्या डिस्कमध्ये रंगद्रव्याच्या थरावर भाजून खुणा उमटवलेल्या असतात. त्यातून प्रकाश कमी परत येतो. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू डिस्कमधून तर त्याहून कमी. म्हणून ड्राइव्ह म्हातारा झाला की आधी आरडब्ल्यू सुटते, मग राइट केलेल्या, आणि कंपनीच्या सर्वांत शेवटी.

सीडी चालते पण डीव्हीडी नाही, असं असेल तर प्रश्न ४ पाहा.

२. ट्रे उघडतच नाही आणि आत लग्नाची डीव्हीडी अडकली आहे. काय करू?

स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नका, एवढं आधी. डिस्क एखाद्या प्रोग्रॅमने धरून ठेवलेली असू शकते, म्हणून प्लेअर बंद करा, 'धिस पीसी'मध्ये ड्राइव्हच्या चिन्हावर राइट क्लिक करून 'इजेक्ट' द्या. नाही झालं तर संगणक बंद करा, वायर भिंतीतून काढा. ड्राइव्हच्या तोंडावर टाचणीच्या डोक्याएवढं एक भोक असतं. कागदाची क्लिप सरळ करून ती त्यात अगदी सरळ आत सारा. कशाला तरी टेकल्याचं जाणवलं की थोडा जोर द्या. ट्रे बोटभर बाहेर येतो, उरलेला हाताने हळू ओढायचा. लॅपटॉपच्या पातळ ड्राइव्हमध्ये याच भोकामागे खिट्टी असते, ती सुटली की ट्रे स्प्रिंगने टुणकन बाहेर येतो.

डेस्कटॉपचा ट्रे अडायचं नेहमीचं कारण म्हणजे आतला रबरी पट्टा. दोन बोटांत अंगठीसारखा धरता येईल एवढा लहान असतो तो. मोटरीच्या चाकावरून ट्रेच्या चाकावर फिरतो. काही वर्षांनी तो सैल आणि गुळगुळीत होतो. बटण दाबल्यावर 'घुर्र' आवाज येतो पण ट्रे हलत नाही, तेव्हा मोटर फिरतेय आणि पट्टा घसरतोय असं समजा. ट्रे बाहेर काढून स्पिरिटच्या बोळ्याने पट्टा पुसला तर चवथ निभावते, पुढच्या चवथीची हमी नाही. नवा पट्टा घालणं चांगलं.

एक गंमत सांगतो. काही ड्राइव्ह डिस्क असताना उघडतात आणि रिकामे असले की अडतात. लोकांना वाटतं आम्ही थट्टा करतोय. डिस्क दाबून धरणारी चकती चुंबकाची असते. मध्ये डिस्क नसली की ती खाली जास्त घट्ट चिकटते, आणि सैल पट्ट्याला तेवढाही जोर झेपत नाही.

३. ट्रे आत जातो आणि लगेच आपोआप बाहेर येतो.

दोन कारणं. पुढचं बटण चिकट मळाने आत रुतून बसलंय, किंवा ट्रे पूर्ण बंद झाल्याचं सांगणारा आतला छोटा स्विच दबत नाहीये. बटणाच्या कडेने स्पिरिटची कापसाची काडी फिरवून पाहा. स्विचच्या वाटेत काय सापडेल ते सांगता येत नाही. माझ्याकडे एका ड्राइव्हमध्ये पालीची अंडी निघाली होती.

४. सीडी झकास चालते, डीव्हीडी घातली की नुसती फिरते. असं कसं?

एकाच डब्यात दोन वेगळे लेसर असतात, म्हणून. सीडीचा लेसर ७८० नॅनोमीटरचा, तो डोळ्याला जवळजवळ दिसत नाही. डीव्हीडीचा ६५० नॅनोमीटरचा, लाल. ब्लू-रे ड्राइव्ह असेल तर ४०५ नॅनोमीटरचा तिसराही असतो. यांतला एक मेला तरी दुसरा चालू राहतो. उलटही होतं, डीव्हीडी चालते आणि सीडी नाही. लेन्स एकदा पुसून पाहा (प्रश्न १०), फरक पडला नाही तर ड्राइव्ह बदला. लेसर बदलण्याची मजुरी नव्या ड्राइव्हच्या किमतीला भिडते. मी ते काम घेत नाही.

५. डिस्क घातली की विमान उडाल्यासारखा आवाज येतो आणि टेबल थरथरतं.

५२एक्स वेगाचा सीडी ड्राइव्ह मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या आसपास जातो. एवढ्या वेगात डिस्कचा तोल थोडा जरी ढळला तरी सगळं हादरतं. तोल बिघडवणारी गोष्ट बहुधा तुम्हीच लावलेली असते: 'चि.सौ.कां.' छापलेलं ते गोल कागदी स्टिकर. आपल्याकडच्या दमट हवेत त्याचा गोंद सुटतो, एक कड उचलली जाते, आणि ती कड आत घासते. स्टिकर ओढून काढू नका. सीडीचा डेटा असलेला थर स्टिकरच्या बाजूला, जेमतेम लाखेच्या पापुद्र्याखाली असतो, स्टिकरबरोबर तोही निघून येतो. ड्राइव्हचा वेग उतरवणारा एखादा प्रोग्रॅम वापरून डिस्क हळू फिरवा आणि ताबडतोब कॉपी काढा.

मधल्या भोकापासून निघालेली बारीक चीर दिसली तर ती डिस्क वेगवान ड्राइव्हमध्ये अजिबात घालू नका. ती आत फुटते, आणि मग तुकडे वेचण्यापलीकडे काही उरत नाही.

६. 'धिस पीसी'मध्ये ड्राइव्हच दिसत नाही. गेला का?

लगेच सुतक धरू नका. संगणक सुरू होताना बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारा सेटिंगचा पडदा) जाऊन ड्राइव्हचं नाव दिसतं का पाहा. तिथेही नसेल तर प्रश्न वायरीचा किंवा ड्राइव्हचा आहे. कॅबिनेट उघडून साटा केबल आणि वीजपुरवठ्याची केबल दोन्ही काढून पुन्हा घट्ट बसवा. समुद्राकाठच्या घरांत पिनांवर हिरवट थर चढतो, तो नुसत्या काढण्या-घालण्यानेही खरवडला जातो. फार जुना, चपट्या रुंद केबलचा ड्राइव्ह असेल तर मागचा मास्टर-स्लेव्हचा जंपर (पिनांवरची छोटी टोपी) तपासा.

बायोसमध्ये दिसतो पण विंडोजमध्ये नाही, तर ड्राइव्ह जिवंत आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्यावर पिवळी खूण असेल. तिथे 'अनइन्स्टॉल' करून संगणक पुन्हा सुरू करा, विंडोज त्याला स्वतःच परत ओळखतं. तरीही कोड १९, ३९ किंवा ४१ दिसत राहिला, तर एखाद्या जुन्या बर्निंग सॉफ्टवेअरने मागे ठेवलेला कचरा आहे. रजिस्ट्रीमध्ये 'करंट कंट्रोल सेट', 'कंट्रोल', 'क्लास' या वाटेने गेल्यावर '४डी३६ई९६५' अशी सुरुवात असलेला विभाग मिळतो (तिथे अक्षरं-आकडे अर्थात इंग्रजी). त्यातल्या 'अपरफिल्टर्स' आणि 'लोअरफिल्टर्स' या दोनच नोंदी काढायच्या. त्याआधी रजिस्ट्रीची प्रत ठेवायची. शेजारच्या विभागांत अशाच नावाच्या नोंदी असतात, त्यांना हात लावला तर कीबोर्डसुद्धा बंद पडू शकतो. रजिस्ट्री हा शब्द पहिल्यांदाच ऐकत असाल तर मशीन सरळ दुकानात आणा.

७. ड्राइव्ह चांगला आहे, पण हँडीकॅमची छोटी डिस्क रिकामी दाखवतोय. चित्रीकरण पुसलं गेलं का?

बहुधा नाही. ८ सेंटिमीटरच्या त्या छोट्या डीव्हीडीवर (१.४ जीबी, साधारण अर्धा तास) चित्रीकरण झालं की कॅमेऱ्यातच ती 'फायनलाइज' करावी, म्हणजे इतर मशीनना वाचता येईल अशी बंद करावी लागते. ते राहिलं तर कॅमेरा सोडून बाकी सगळ्यांना ती रिकामी किंवा बिघडलेली दिसते. कॅमेरा अजून घरात असेल तर त्याच्यात घालून फायनलाइज करा, दहा मिनिटांत काम होतं. कॅमेरा विकला असेल तर आयसोबस्टरसारखा प्रोग्रॅम कच्चा डेटा वाचून बऱ्याचदा चित्र बाहेर काढतो. टीव्हीला जोडून वापरायच्या डीव्हीडी रेकॉर्डरवर घेतलेल्या डिस्कचंही हेच. 'फॉरमॅट करायची का?' असं संगणक विचारेल, तेव्हा 'नाही' म्हणा.

ज्या ड्राइव्हला ट्रे नाही, नुसती चीर आहे, त्यात ही छोटी डिस्क घालू नका. आत गेली की परत येत नाही.

८. मे महिन्यापर्यंत चालत होतं, पावसाळ्यानंतर एकही डिस्क लागत नाही.

हा खास आपला प्रश्न. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. चपला, पट्टे, पेटीतली साडी यांवर जी पांढरी बुरशी चढते तीच लेन्सवर आणि डिस्कवरही चढते. त्यात ड्राइव्ह चार महिने बंद, म्हणजे आतला दमटपणा सुकायला वाव नाही.

आधी संगणक तासभर नुसता चालू ठेवा, आतली ऊब ओल सुकवते. डिस्क एसीच्या खोलीतून बाहेरच्या दमट हवेत आणली असेल तर तिच्यावर बाष्प धरतं. तिलाही तासभर उघडी ठेवून मगच घाला. तरी नाही जमलं तर लेन्स पुसा.

डिस्ककडेही नीट पाहा. खिडकीपाशी तिरकी धरली की पृष्ठभागावरची बुरशी धुक्यासारखी दिसते, ती पुसून जाते. थराच्या आत, कडेकडून, झाडाच्या मुळांसारखे फाटे दिसले तर मात्र ते पुसण्यातलं नाही. २००१ साली मध्य अमेरिकेतल्या बेलीझहून आलेल्या एका सीडीवर स्पॅनिश शास्त्रज्ञांना अशी बुरशी सापडली, की जिने प्लास्टिक आणि आतला ॲल्युमिनियमचा थर दोन्ही पोखरले होते. बेलीझची हवा आपल्यासारखीच उष्ण आणि दमट.

चेनवाल्या अल्बममध्ये, मऊ प्लास्टिकच्या खिशांत डिस्क ठेवू नका. पावसाळ्यात प्लास्टिक चिकटून त्याची नक्षी डिस्कवर उमटते. कडक डबी आणि सोबत सिलिका जेलची पुडी बरी. तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्ला कोण देतं कळत नाही. पीठ लागलेल्या डिस्क मी धुतल्या आहेत.

९. डिस्क कशाने धुऊ? टूथपेस्ट चालते म्हणतात.

कोमट पाणी, भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब, मऊ सुती कापड. मधल्या भोकापासून कडेपर्यंत सरळ रेषेत पुसा, गोल फिरवू नका. डेटा गोलाकार लिहिलेला असतो. आडवा ओरखडा ड्राइव्हची चूक-दुरुस्ती सांभाळून नेते, वळणावरून गेलेला ओरखडा एकाच जागचा लांबच लांब डेटा खातो.

टूथपेस्ट म्हणजे बारीक पॉलिश पेपरच. सीडीवर १.२ मिलिमीटर प्लास्टिक असतं, त्यावरचा हलका ओरखडा त्याने घासून जाऊ शकतो, बाकी काहीच उरलं नसेल तर करून पाहा. डीव्हीडीचा थर ०.६ मिलिमीटरवर, तिथे जपून. ब्लू-रेचा थर पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटर, तिथे टूथपेस्टचं नावही नको. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश काढायचं द्रव्य यांनी प्लास्टिक कायमचं दुधाळ होतं.

१०. लेन्स मी स्वतः पुसू का?

लॅपटॉपचा ड्राइव्ह असेल तर खुशाल. त्यात लेन्स ट्रेबरोबरच बाहेर येते, मसुराच्या डाळीएवढा निळसर काचेचा मणी दिसतो तोच. मशीन बंद, वायर आणि बॅटरी काढलेली. आधी रबरी फुग्याने हवा मारून धूळ उडवा, तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओली केलेली कापसाची काडी एकदाच, पापणीला काजळ लावताना धरतो तेवढ्या हलक्या हाताने फिरवा. लेन्स केसाएवढ्या बारीक तारांवर तरंगत असते, दाबली की तिची पातळी बिघडते आणि मग काहीच वाचता येत नाही.

डेस्कटॉपच्या ड्राइव्हला त्यासाठी चार स्क्रू काढून वरचं झाकण उघडावं लागतं. ब्रश लावलेली 'लेन्स क्लीनर' डिस्क सुट्या धुळीवर काम करते, बुरशीवर नाही.

११. नवीन यूएसबी ड्राइव्ह आणलाय, नुसता टिकटिक करतो आणि बंद होतो.

वीज पुरत नाही. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ चा (आतून निळा असतो तो) ९००. डिस्क फिरायला सुरुवात होताना ड्राइव्ह क्षणभर त्याहून जास्त मागतो. हब काढा, कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टऐवजी मागच्या पोर्टला जोडा, लांब एक्स्टेन्शन केबल टाळा. दोन तोंडांची केबल सोबत आली असेल तर दोन्ही तोंडं लावा, दुसरं शोभेचं नाही.

१२. विंडोज १० वर फोटोंची डीव्हीडी उघडते, पण सिनेमाची किंवा लग्नाची चालत नाही.

ड्राइव्ह निर्दोष आहे. विंडोज ८ पासून डीव्हीडी चालवायची सोय मायक्रोसॉफ्टने विंडोजमधून काढली. व्हीएलसी प्लेअर फुकट आहे, तो घाला. त्यातही चित्र अडखळत असेल तर मग प्रश्न १ कडे परत.

१३. भाऊ लिस्बनहून डीव्हीडी घेऊन आला. टीव्हीवरही नाही, संगणकावरही नाही.

रीजन कोड, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालायची याचा नंबर. डीव्हीडीच्या जगात भारत ५ नंबरात, पोर्तुगाल, इंग्लंड आणि सगळं आखात २ नंबरात. संगणकाच्या ड्राइव्हचा रीजन डिव्हाइस मॅनेजरमधून बदलता येतो, पण एकूण पाचच वेळा. पाचव्या वेळी जिथे असेल तिथेच कायमचा अडकतो. एका गिऱ्हाइकाने दोन सिनेमे आलटून पालटून बघत एका संध्याकाळी पाचही संधी संपवल्या होत्या. व्हीएलसीमध्ये बऱ्याच डिस्क रीजन न बदलताही चालतात, आधी ते करून पाहा. दुबईहून आणलेल्या हिंदी सिनेमांना सहसा हा त्रास नसतो, त्या बहुतेक सर्व रीजनच्या असतात. ब्लू-रेची विभागणी वेगळी आहे: युरोप बी, भारत सी.

१४. व्हीसीडी प्लेअरवर चालते, पण कॉपी करताना अर्ध्यावर 'एरर' येऊन थांबते.

माशेलच्या एका आजोबांनी अशीच डिस्क आणली होती. देवळाच्या उत्सवातलं नाटक, व्हिडिओ कॅसेटवरून व्हीसीडीवर उतरवलेलं, त्यात ते स्वतः स्त्री-पार्टात. दुसरा अंक लागायचा, कॉपी होत नव्हती.

कारण व्हीसीडीच्या घडणीतच आहे. साध्या डेटा सीडीच्या प्रत्येक सेक्टरमध्ये (डेटाच्या छोट्या कप्प्यात) २०४८ बाइट माहिती असते आणि उरलेल्या जागेत चूक दुरुस्त करायची जादा सोय. व्हीसीडीत ती सोय काढून २३२४ बाइट चित्रच भरतात, म्हणून ७०० एमबीच्या डिस्कवर ८०० च्या आसपास मावतं. प्लेअर एक फ्रेम फुटली तरी पुढे जातो. विंडोज मात्र एक सेक्टर वाचता आला नाही की चित्राची अख्खी डॅट फाइल टाकून देतं. म्हणून साधी कॉपी-पेस्ट नको. आयसोबस्टरला खराब सेक्टर वगळून फाइल काढायला सांगा, किंवा व्हीएलसीमध्ये लावून 'कन्व्हर्ट' करा. आजोबांचा दुसरा अंक आला. मध्ये चार सेकंद चौकोन चौकोन दिसतात, तेवढ्यात संवादही तुटतो. तो त्यांनी दुकानात उभं राहून म्हणून दाखवला.

१५. एका ड्राइव्हवर वाचत नाही ती डिस्क दुसऱ्यावर वाचेल का?

बऱ्याचदा वाचते. प्रत्येक ड्राइव्हची लेन्स, लेसर आणि चूक-दुरुस्ती थोडी निराळी. मी तीन वेगवेगळे ड्राइव्ह ठेवलेत, त्यांतला सर्वांत जुना आणि मठ्ठ दिसणारा सर्वांत जास्त वाचतो. लिनक्सवरचा डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम एका ड्राइव्हवर जे निघालं ते ठेवून उरलेलं दुसऱ्या ड्राइव्हवर भरून काढतो. ही युक्ती डेटा सीडी-डीव्हीडीला चालते, ऑडिओ सीडीला नाही.

१६. आता नवीन ड्राइव्ह घेण्यात अर्थ आहे का?

कॉपी काढण्यापुरता हवा असेल तर शेजारच्याचा यूएसबी ड्राइव्ह मागून आणा. शंभरेक डिस्क असतील तर घ्या. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये राइट करायच्या कोऱ्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादन थांबवलं, तेव्हा हा माल वाढायचा नाही. लॅपटॉपसाठी आतला ड्राइव्ह घेताना जाडी मोजा: ९.५ मिलिमीटर आणि १२.७ मिलिमीटर हे नेहमीचे दोन प्रकार आहेत, जाड ड्राइव्ह पातळ खाचेत जाणार नाही. पुढची प्लास्टिकची पट्टी जुन्या ड्राइव्हची काढून नव्याला लावता येते.

१७. पेनड्राइव्हवर सगळं घेतलं. डिस्क टाकून देऊ?

कॉपी दुसऱ्या संगणकावर लावून बघेपर्यंत नको, आणि एकाच पेनड्राइव्हवर विसंबून तर नकोच. लावून बघताना लोक पहिली दोन मिनिटं बघतात आणि खूश होतात. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते, म्हणजे शेवटचा भाग कडेला असतो, आणि बोटांचे ठसे, ओरखडे, बुरशी सगळं कडेलाच जास्त. म्हणून शेवट आधी बघा. लग्नाच्या डीव्हीडीत शेवटी पाठवणी असते. ती न अडखळता पूर्ण दिसली, तर मंगलाष्टकं बहुधा नीट आली आहेत.